उपासनेतील समूहगान

नागपूरहून उत्तरेस इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा लागते, आणि नागपूर-छिंदवाडा सडकेवर सौंसर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा स्वतंत्र करण्यात आला. कचेरीची भाषा हिंदी झाली, शाळेची बव्हंशी हिंदी झाली. तथापि घरातील बोलणे, बाजारातील घासाघीस आणि देवळातील भजन यांतून मराठी हटली नाही. माणूस सरकारदरबारी अर्ज करावयाचा झाल्यास कोणत्याही भाषेत करतो. गाण्याची गोष्ट तशी नाही. ज्या भाषेत आणि ज्या चालीत त्याने लहानपणी आईच्या मांडीवर ऐकले, तीतच त्याचा कंठ सहज मोकळा होतो.

ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात जो प्रश्न दोन हजार वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला, तो समजून घेण्यास ही सीमा चांगली जागा आहे. उपासनेच्या वेळी गावे कोणी? जमलेल्या सर्वांनी की निवडलेल्या गायकांनी? आणि सर्वांनी गावयाचे तर कोणाच्या चालीत? हा प्रश्न वरकरणी संगीताचा दिसतो. वस्तुतः तो मंडळीच्या हक्काचा आहे. जी मंडळी गाते तिचा उपासनेत वाटा असतो. जी नुसती ऐकते, ती उपासनेस हजर असते इतकेच.

आरंभी या बाबतीत शंका नव्हती. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी समाजातून आलेले होते आणि दाऊदाची म्हणून ओळखली जाणारी स्तोत्रे त्यांच्या कानामनात भिनलेली होती. त्या संग्रहातील १३६वे स्तोत्र पाहावे. त्याच्या सव्वीसही कडव्यांच्या शेवटी एकच पालुपद येते. याचा अर्थ उघड आहे: कडवे एकाने म्हणावे आणि पालुपद सर्वांनी उचलावे. आपल्याकडील भजनात बुवा चरण म्हणतो आणि झिलकरी ध्रुपद धरतात, त्याच जातीची ही रचना आहे. पोथी हाती नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तीत भाग घेता येतो. इसवी सन ११२च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजन यास पत्र लिहून या नव्या पंथाची माहिती कळविली. तीत त्याने नोंदविले की, हे लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने त्याचे स्तोत्र गातात. परक्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत त्यांची जी थोडी लक्षणे भरली, त्यांत हे गाणे होते.

अशा गाण्याचे बळ किती असते, हे इसवी सन ३८६ मध्ये इटलीतील मिलान शहरात दिसून आले. सम्राटाची आई जस्टिना ही आरियन पंथाची होती. शहरातील एक ख्रिस्तमंदिर आपल्या पंथासाठी मोकळे करून द्यावे अशी तिची मागणी होती व बिशप आंब्रोझ यांनी ती साफ नाकारली. सैनिकांनी मंदिरास वेढा दिला. आत भाविकांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या. दुःखाने व शिणाने लोकांचे मन खचू नये म्हणून आंब्रोझ यांनी पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या पद्धतीने स्तोत्रे व गीते गाण्याचा प्रघात तेथे सुरू केला. त्यांनी स्वतः रचलेली गीते चार-चार ओळींची, साध्या छंदातली आणि एकदा ऐकताच तोंडी बसणारी होती. त्या जागरणात संत ऑगस्टीन यांची आई मोनिका होती. ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग नमूद केला असून, तेथून हा प्रघात इतर ठिकाणी पसरल्याचेही सांगितले आहे. पुढच्याच वर्षी, ३८७ साली, आंब्रोझ यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या गाण्यांनी आपल्या डोळ्यांना धारा लागत असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वेढ्यात सापडलेल्या माणसांना गाण्याने धीर दिला. तो धीर प्रत्येकाने स्वतः गाण्यामुळे आला.

परंतु त्याच चौथ्या शतकात आशिया मायनरमधील लाओदिकिया येथे भरलेल्या धर्मसभेने असा नियम केला की, मंचावर चढून पोथीतून गाणाऱ्या नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी मंदिरात गाऊ नये. गाण्यात गोंधळ माजू नये, हा त्यामागील हेतू असावा. पुढील शतकांत पश्चिमेकडे ग्रेगरियन गायनाची थोर परंपरा वाढीस लागली. तिचे गांभीर्य आणि शुचिता वादातीत आहे. पण तिला दीर्घ शिक्षण लागे आणि ते मठवासीयांना व गायकवृंदाला मिळे. तिकडे लोकांच्या बोलीही बदलत गेल्या आणि लॅटिन ही केवळ विद्वानांची भाषा उरली. अशा रीतीने कोणी मुद्दाम हिरावून न घेताही मंडळीच्या मुखातील गाणे ओसरत गेले. मंदिराबाहेर, यात्रेत आणि सणासुदीला लोक आपल्या भाषेत गातच होते. आत मात्र ते श्रोते झाले.

सोळाव्या शतकात हा बांध फुटला. बोहेमियातील बंधुसंघाने १५०१ साली चेक भाषेतील गीतांचे पुस्तक छापले होतेच. १५२४ साली मार्टिन ल्यूथर व त्यांचे सहकारी यांची जर्मन गीतांची पहिली पुस्तके निघाली. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या अनुयायांनी दीडशेच्या दीडशे स्तोत्रे फ्रेंच पद्यात बांधून १५६२ साली तो संग्रह पुरा केला. इंग्लंडात अठराव्या शतकात आयझॅक वॉट्स आणि चार्ल्स वेस्ली यांनी हीच वाट रुंद केली. एकट्या वेस्लींच्या गीतांची संख्या सहा हजारांच्या वर भरते. मुद्रणकलेने पुस्तक स्वस्त केले, हे या प्रसाराचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, या गीतांच्या चाली त्या त्या देशातील माणसांच्या कानांना परक्या नव्हत्या.

जेथे पुस्तक पोचले नाही तेथेही वाट निघाली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक बोलणाऱ्या मंडळ्यांत एक अग्रगायक स्तोत्राची ओळ म्हणतो आणि सारी मंडळी ती ओळ आपापल्या वळणांनी लांबवीत उचलते. अमेरिकेत गुलामगिरीत खितपत पडलेल्या, वाचायला शिकण्याचीही ज्यांना कित्येक ठिकाणी कायद्याने मनाई होती, अशा निग्रो लोकांनी याच पद्धतीने स्तोत्रे आपलीशी केली आणि त्यांतून व आपल्या स्मृतीतल्या आफ्रिकी लयीतून स्वतःची गीते घडविली. १८७१ साली फिस्क विद्यालयाचे विद्यार्थी ती गीते घेऊन दौऱ्यावर निघाले तेव्हा जगाला त्यांची ओळख पटली. वेल्समध्ये खाणकामगार व शेतकरी सोप्या स्वरलिपीच्या आधारे चार-चार आवाजांत गाऊ लागले. तीच स्वरलिपी वेल्शी मिशनऱ्यांनी आपल्या देशातील मिझो टेकड्यांत नेली. मिझो लोक ती उत्तम शिकले. तरी त्यांचा स्वतःचा ढोल, ज्याला ते खुआंग म्हणतात, तो उपासनेबाहेर राहिला होता. १९१९च्या सुमारास तेथे जी धर्मजागृती झाली, तिच्या लाटेबरोबर ढोल मंदिरात आला आणि मिझो ख्रिस्ती गायन खऱ्या अर्थाने मिझो झाले. आफ्रिकेत काँगोमधील कॅथलिक मंडळ्या लयीवर डोलत, पावले टाकीत मिस्सा साजरी करतात. त्या उपासनाविधीला रोमने १९८८ साली मान्यता दिली.

या निरनिराळ्या देशांच्या वृत्तांतातून एकच गोष्ट निघते. परकी चाल आदराने शिकता येते, चांगली गाताही येते. पण शिकलेले गाणे आणि आतून आलेले गाणे यांत अंतर राहते. ते अंतर भरून निघते तेव्हाच सारी मंडळी गाते.

भारतात ही जाण प्रथम दक्षिणेत फळास आली आणि तिच्याशी एका मराठी राजघराण्याचा संबंध आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले आणि वेदनायकम शास्त्री हे दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले. शास्त्री पुढे तंजावरात कवी म्हणून मान्यता पावले. कर्नाटक संगीताच्या रागतालांत त्यांनी तमिळ ख्रिस्ती कीर्तने रचली आणि ती आजही तेथील उपासनेत गाइली जातात.

मराठीत या वाटेचा आरंभ त्याहूनही जुना आहे. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. येथील लोक पुराणश्रवणाचे भुकेले आहेत, हे ओळखून त्यांनी ख्रिस्तकथा ओवीबद्ध केली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले व रविवारी आणि सणांच्या दिवशी ख्रिस्तमंदिरांतून वाचले जाऊ लागले. ओवीचे वाचन म्हणजे गायनच होय. दळणकांडण करणारी बाईही ती म्हणू शकते. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला आणि ही परंपरा गोव्यात खुंटली. ग्रंथ मात्र मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांनी जपला, व १९०७ साली त्याची छापील आवृत्ती तेथेच निघाली. राजाज्ञेने भाषा दाबता येते, याचा हा दाखला आहे. आणि कंठात बसलेले पद्य राजाज्ञेपेक्षा अधिक काळ टिकते, याचाही.

नागपूर प्रांतात ख्रिस्ती गायन वेगळ्या दाराने आले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरास पोचले. त्यांच्या पंथात त्या काळी उपासनेत वाद्य नसे. अग्रगायक सूर लावी आणि मंडळी स्तोत्रे म्हणे. याच हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोगाथा एका परधान गायकाच्या मुखातून मिळविली. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या टिपणांबरोबर ती गाथा १८६६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या पंथाचे डॉसन यांनी छिंदवाड्यास राहून गोंडी भाषेचा अभ्यास केला. त्यानंतर स्वीडनचे ल्यूथरपंथी मिशनरी छिंदवाड्यास आले. त्यांच्या कार्यातून उभी राहिलेली ल्यूथरपंथी मंडळी आजही तेथे आहे. परदेशी माणसाने देशी गाणे कान देऊन ऐकले व उतरून घेतले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि ऐकलेले गाणे संग्रहात गेले. उपासनेत ते यावयास अवकाश होता.

त्या काळी महाराष्ट्रातील मिशनांतही बहुधा भाषांतरित गीते चालत. नगरचे अमेरिकन मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीतरचनेत पुष्कळ श्रम केले. परंतु अडचण भाषेच्या ठेवणीतच होती. इंग्रजी चालीत एका स्वराला एक अक्षर बसते, आणि इंग्रजीत एकाक्षरी शब्द विपुल आहेत. मराठी शब्द तीन-चार अक्षरांचा. मूळ ओळीतील अर्धा आशय गाळल्याशिवाय तो त्या मापात मावत नाही. शिवाय चालीतील आघात नको त्या अक्षरावर पडतो, दीर्घ स्वर तोडावा लागतो आणि ऱ्हस्व ताणावा लागतो. शब्द मराठी असूनही गाणे परके वाटे, त्याचे कारण हे. अभंगाचे तसे नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक, आणि अक्षर हवे तसे लांबविण्याची मुभा. त्यामुळे एकच अभंग दहा चालींत म्हणता येतो आणि ध्रुपद पहिल्या आवर्तनातच सर्वांना साधते. नगरकडील कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी देशी चालींत पदे रचली. तेथे ख्रिस्ती कीर्तनेही होऊ लागली, आणि खेड्यापाड्यांतील माणसे ती ऐकण्यास दाटीने बसू लागली.

या प्रवाहाला पूर आणला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या कवीच्या आयुष्याचे वळण, विशेष हे की, मराठी आणि हिंदी मुलखांच्या सीमेवरच घडले. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि त्यांनी तो पूल मागे मोडून टाकला नाही. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहाचा कणा ठरली. ‘अभंगांजली’त तर त्यांनी वारकऱ्यांचे मापच जसेच्या तसे घेतले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही भजनाच्या पायावर. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंची वाणी ओव्या-गाण्यांवर पोसलेली होती, म्हणूनच त्यांना ते साधले.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे घडत असता कॅथलिक मिस्साविधी लॅटिनमध्येच चालत होता. भाविकांनीही गायनात भाग घ्यावा असे दहावे पायस यांनी १९०३ साली सांगितले होते, आणि लोकगीतांना अधिक वाव बारावे पायस यांनी १९५५ साली दिला. खरा पालट दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने घडविला. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाले. लोकभाषेस मोकळीक मिळाली; आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही त्या संविधानाने सांगितले. केरळातील सिरो-मलबार मंडळीने तर १९६२ सालीच मलयाळममध्ये मिस्सा सुरू केली होती. वसईच्या वाड्यांतून आणि मुंबई-पुण्याच्या मराठी मंडळ्यांतून पेटीच्या साथीने मराठी गीते मिस्सेत घुमू लागली. मिलानच्या त्या जागरणानंतर सोळाशे वर्षांनी मंडळीला तिचा कंठ विधिपूर्वक परत मिळाला.

आता पुन्हा पांढुर्णा-सौंसरकडे वळावे. जबलपूरचा धर्मप्रांत १९५४ साली स्थापन झाला आणि छिंदवाड्याकडील कॅथलिक भाविक त्याच्या कक्षेत येतात. नागपूर जवळ, पण धर्मप्रांत निराळा. आणि जबलपूर काय किंवा छिंदवाडा काय, दोन्ही ठिकाणे हिंदीची. अशा सीमेवरील मराठी घरापुढे जी अडचण उभी राहते ती कोणाच्याही दुष्टाव्याची नाही. आजीला अभंगाची चाल ठाऊक आहे, पण पुस्तकातील हिंदी गीत तिच्या जिभेवर बसत नाही. नातू हिंदी शाळेत शिकतो. त्याला हिंदी गीत वाचता येते, पण आजीचे पद त्याने कधी कोणाबरोबर म्हटलेले नसते. केवळ हिंदी गाइले तर आजी गप्प बसते, आणि केवळ मराठी गाइले तर नातू. दोघेही एकाच बाकावर असतात. गाणे मात्र एकालाच वगळून पुढे जाते.

यावरचा तोडगा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. अमरावतीकडील यावली गावी १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर मराठीतही गात आणि हिंदीतही. मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी सामुदायिक प्रार्थनेचा जो परिपाठ घालून दिला तो खेडोपाडी रुजला. त्यांच्या सभेत अमुक भाषेचा माणूस मुका राहिला, असे झाले नाही. कारण लय एक होती आणि ध्रुपद सर्वांचे होते. शिवाय दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे एकाच पुस्तकात एका पानावर मराठी अभंग व दुसऱ्यावर हिंदी भजन छापता येते आणि दोन्ही पाने घरातील सर्वांना वाचता येतात. ही सोय जगातील फार थोड्या सीमाप्रदेशांना लाभली आहे.

प्लिनीने पाहिलेले ते पहाटेचे लोक आळीपाळीने गात होते. एकाने चरण म्हणावा, दुसऱ्याने उचलावा, हीच त्यांची रीत होती. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मंडळीला नवी रीत काढावी लागणार नाही. आजीने चरण म्हणावा, नातवाने ध्रुपद धरावे; पुढच्या रविवारी त्याने म्हणावे आणि तिने धरावे. त्यासाठी मोठा वाद्यवृंद लागत नाही, थोरला गवईही लागत नाही. एक पेटी, एक खंजिरी आणि परस्परांचे ऐकून घेण्याइतकी सवड पुरे होते.